केग कमी, फळं जास्त: ‘स्टारड्यू व्हॅली’तल्या कमाईवर वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या व्हिडिओ गेममधल्या नफ्याबद्दल आहेत. खालचे आकडे 1.6 आवृत्तीचे आहेत. ती कॉम्प्युटरवर 19 मार्च 2024ला आणि मोबाइलवर 4 नोव्हेंबर 2024ला आली. भाव गोल्ड या गेममधल्या चलनात आहेत. वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे भाव साध्या, बिनस्टारच्या मालाचा धरावा (स्टार म्हणजे मालाचा दर्जा).

प्रश्न: माझ्याकडे 12 केग (वाइन बनवायची पिंपं) आहेत. पेटीत 200 ब्लूबेरी आणि 40 स्टारफ्रूट पडून आहेत. मित्र म्हणतो, जॅम-जेली विसर, केग वाढव आणि सगळ्याची वाइन कर. पण केग बनवायला लागणारं ओक रेझिन (ओकच्या झाडाचा चीक) काही केल्या पुरत नाही. काय करू?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: एकेका फळाचा विचार केला तर मित्राचं बरोबर आहे. तुमच्या पेटीला मात्र तो हिशेब लागू पडत नाही.

आधी दोन सूत्रं पाहू. केगमधली वाइन फळाच्या मूळ भावाच्या 3 पटीने विकली जाते. प्रिझर्व्हज जारमधली जेली मूळ भावाच्या दुपटीत 50 मिळवून येणाऱ्या भावाला जाते. ब्लूबेरीचा भाव 50, म्हणजे वाइन 150 आणि जेलीही 150. भाव सारखाच, पण केग 7 दिवस अडकतो आणि जार तिसऱ्या दिवशी मोकळा होतो. म्हणून 50 किंवा त्याहून कमी भावाचं फळ केगमध्ये घालूच नये. तुमच्या 200 ब्लूबेरी 12 केगमध्ये घातल्या तर 17 फेऱ्या होतील, म्हणजे 119 दिवस. गेममधलं अख्खं वर्षच 112 दिवसांचं असतं.

आता स्टारफ्रूट. भाव 750, वाइन 2250, जेली 1550. फळ एकच असेल तर वाइन. पण एक यंत्र दिवसाला किती कमावून देतं, तेही पाहा. कच्च्या भावावर केग 1500ची भर घालतो, 7 दिवसांत. म्हणजे दिवसाला 214. जार 800ची भर घालतो, 3 दिवसांत. म्हणजे दिवसाला 266. फळांचा ढीग पडलेला आहे आणि यंत्रं कमी आहेत, अशा वेळी महागड्या फळालासुद्धा जार जास्त देतो. फळं मोजकी आणि यंत्रं रिकामी असतील तेव्हा केग. या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण तपासत नाहीत.

तुमच्यासाठी आमचा सल्ला असा: 12 केग स्टारफ्रूटलाच राखून ठेवा. चार फेऱ्यांत, 28 दिवसांत 40 फळांची वाइन होईल, 90,000ची. सोबत 20 जार करा. त्याला 1000 लाकूड, 800 दगड आणि 160 कोळसा लागेल. रेझिन नाही, धातूची कांडी नाही. दहा फेऱ्यांत, साधारण 30 दिवसांत सगळ्या ब्लूबेरी संपतील आणि 30,000 येतील. कच्च्या विकल्या असत्या तर 10,000 आले असते.

दोन चुका टाळा. पहिली म्हणजे, यंत्रात गेल्यावर फळाचा स्टार जातो. शेंगदाण्याच्या चटणीत गेलेला दाणा टपोरा होता की बारका, हे नंतर कुणी विचारत नाही, तसंच इथे आहे. यंत्रं कमी असतील तर साधी फळं आधी घाला आणि गोल्ड स्टारची दीडपट भावाने कच्ची विका. दुसरी चूक भाजीच्या बाबतीत होते. भाजीचा केगमधला रस फक्त सव्वादोन पट भावाने जातो. त्यामुळे 200च्या खालच्या भाजीला जारमधलं लोणचंच परवडतं. 175च्या फ्लॉवरचं लोणचं 400ला जातं आणि रस 393ला. 320चा भोपळा मात्र केगमध्ये घातलेला बरा.

रेझिनचं म्हणाल तर तिथे घाई चालत नाही. एक टॅपर (झाडाला लावायचं, चीक गोळा करणारं साधन) साधारण आठवड्याला एक रेझिन देतो आणि एका केगला एक रेझिन लागतं. टॅपरला 40 लाकूड आणि तांब्याच्या 2 कांड्या लागतात. शेताच्या कडेला ओकची 20 झाडं वाढवून त्यांना टॅपर लावा, म्हणजे आठवड्याला 20 केगची सोय झाली. टॅपर लावलेल्या झाडावर चुकून कुऱ्हाड पडू देऊ नका. आम्ही टॅपरची झाडं एका रांगेत, घरापासून दूर लावायला सांगतो ते त्यासाठीच.

प्रश्न: पहिल्या स्प्रिंगमध्ये (28 दिवसांचा ऋतू) 500 गोल्ड मिळतात. एग फेस्टिव्हलला स्ट्रॉबेरीच्या बिया घ्यायच्या असतात म्हणे, पण त्या दिवशी हातात कधीच पैसे नसतात.
— गृहिणी, होटगी रस्ता

उत्तर: ताई, घोळ तारखांचा आहे. फेस्टिव्हल 13 तारखेला असतो आणि स्ट्रॉबेरीचं बी 100 गोल्डला फक्त तिथेच मिळतं. बटाटा 6 दिवसांचा. 1 तारखेला लावलेला 7ला निघतो. त्याच दिवशी पुन्हा बटाटा लावला की तो 13च्या सकाळी निघतो आणि तिथेच फसतं. शिपिंग बिनमधल्या (शेतावरच्या विक्रीच्या पेटीतल्या) मालाचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतात आणि फेस्टिव्हलच्या दिवशी पिएरचं, म्हणजे गावातलं बियांचं, दुकान बंद असतं. बटाटे घरात, खिसा रिकामा.

म्हणून असं करा. 1 तारखेला मेयरने दिलेल्या पार्सनिप या कंदाच्या 15 बिया लावा आणि 500मधून बटाट्याच्या 10 बिया घ्या, 50ला एक. पार्सनिप 5 तारखेला निघेल, 35 भाव. 6 तारखेपर्यंतच बटाटा लावा, त्यानंतर फक्त पार्सनिप. तो 4 दिवसांचा असल्यामुळे 8ला लावलेलाही 12ला निघतो. 12च्या रात्री झोपण्याआधी सगळा माल बिनमध्ये टाका, पैसे 13च्या सकाळी हातात. बुधवारी पिएरचं दुकान बंद असतं, म्हणजे 3 आणि 10 तारखेला बी मिळणार नाही. त्याची खरेदी आदल्या दिवशी उरका. मधल्या काळात मासे धरून विका. पहिल्या पंधरवड्यात गळ शेतापेक्षा लवकर पैसे देतो.

13च्या रात्रीच बिया लावायची धडपड बरेच जण करतात. त्याची गरज नाही. स्ट्रॉबेरीला 8 दिवस लागतात, मग दर 4 दिवसांनी फळ येतं. 13ला लावली तर 21 आणि 25ला तोडणी. 16ला लावली तरी 24 आणि 28ला, म्हणजे तोडण्या दोनच. 120च्या भावाने रोपामागे 240 मिळतात. स्पीड-ग्रो खत घालून 13लाच लावली तर 20, 24, 28 अशा तीन तोडण्या होतात. पण ते पिएरकडून 100ला विकत घेतलं तर जादा फळाचे 120 मिळून हातात 20च उरतात. घरी बनवलेलं असेल तरच घाला.

थोड्या बिया पुढच्या वर्षासाठी ठेवून द्या. 1 स्प्रिंगला लावलेली स्ट्रॉबेरी 9, 13, 17, 21, 25 अशी पाच वेळा तोडता येते. तेच 100चं बी मग 600 देतं.

प्रश्न: नावात चौकटी कंसात आकडे लिहिले की फुकट वस्तू मिळायच्या. आता नाव तेच आहे, पण काहीच मिळत नाही. माझं काय चुकतंय?
— नववीतला वाचक, बाळे

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये. 1.6मध्ये ही पळवाट बंद झाली. गेममधल्या संवादांत कंसातला आकडा म्हणजे ‘ही वस्तू खेळाडूला दे’ अशी आज्ञा असते. गावातलं कुणी तुझं नाव उच्चारलं की गेम नावातला आकडाही आज्ञा म्हणून वाचायचा. आता नाव फक्त नाव म्हणून वाचलं जातं. अशी फट पुढच्या अपडेटला बुजते. या पानावर आम्ही हिशेबातल्या फटीच जास्त सांगतो, कारण त्या खेळाच्या रचनेतच आहेत.

प्रश्न: आमच्याकडे पार्सनिप 35ऐवजी 26ला जातो. मार्केट पडलंय का?
— कॉलेजचे दोघे मित्र, अक्कलकोट रस्ता

उत्तर: नाही. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या वाढल्या की दुपारपर्यंत भाव खाली येतो. या गेममध्ये आवक कितीही होऊ दे, भाव हलत नाही. एका रात्रीत हजार बाटल्या टाका, शेवटच्या बाटलीलाही पहिलीचाच भाव. या गेममधली कमाई उभी आहे ती यावरच.

तुम्ही शेत सुरू करताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रॉफिट मार्जिन 75 टक्के निवडलेलं दिसतंय. 35चे 75 टक्के म्हणजे 26. सुरू केलेल्या शेतात ते बदलता येत नाही.

प्रश्न: ग्रीनहाऊस मिळालं. एन्शंट फ्रूटचं एकच बी आहे. त्यावरून पूर्ण ग्रीनहाऊस भरायचं तर फळं विकत जाऊ की साठवू? आणि तळघरातली वाइन 56 दिवस ठेवणं खरंच फायद्याचं आहे का?
— बँकेतले वाचक, सात रस्ता

उत्तर: सुरुवातीचं एकही फळ विकू नका. सीड मेकरमध्ये एक फळ घातलं की 1 ते 3 बिया मिळतात. सीड मेकरला 25 लाकूड, 10 कोळसा आणि सोन्याची 1 कांडी लागते. झाडाला पहिलं फळ 28 दिवसांनी येतं, मग दर 7 दिवसांनी. ग्रीनहाऊसची जमीन 12 बाय 10, म्हणजे 120 चौकोन. ती भरेपर्यंत प्रत्येक फळ हे बियाणंच समजा. उघड्या शेतात 1 स्प्रिंगला लावलेलं झाडही फॉल संपेपर्यंत टिकतं आणि 8 फळं देतं. विंटर लागला की मरतं. म्हणून बाहेरची फळं बियांसाठी आणि आतली झाडं कायमची, अशी विभागणी करा.

100 झाडं झाली की आठवड्याला 100 फळं, म्हणजे 100 केग हवेत. त्याला 3000 लाकूड, तांब्याच्या 100 आणि लोखंडाच्या 100 कांड्या, 100 रेझिन लागतील. वाइन 1650ला जाते, आर्टिझन (40 टक्के जादा भाव देणारा व्यवसाय) असाल तर 2310ला. म्हणजे आठवड्याला 2,31,000. केग पूर्ण होईपर्यंत उरलेली फळं डिहायड्रेटरमध्ये घाला. त्याची कृती पिएरकडे 10,000ला मिळते. बनवायला 30 लाकूड, 2 क्ले आणि 1 फायर क्वार्ट्झ लागतं. 5 फळांचा सुका मेवा एका रात्रीत होतो आणि 4150ला जातो, फळामागे 830. कच्चं फळ 550लाच जातं.

आर्टिझन हा व्यवसाय शेतीच्या 10व्या लेव्हलला, 5व्या लेव्हलला टिलर घेतला असेल तरच निवडता येतो. 40 टक्क्यांची वाढ माल विकताना मोजली जाते, बनवताना नाही. तुम्ही 9व्या लेव्हलला असाल तर बाटल्या पेटीत भरून ठेवा. लेव्हल पीक तोडल्याने वाढते, विकल्याने नाही, त्यामुळे थांबून काही बुडत नाही. लेव्हलचा पडदा आला, आर्टिझन निवडलं, की सगळा साठा एका रात्रीत काढा.

आता तळघर. कास्कमध्ये (वाइन मुरवायच्या पिंपात) वाइन 14 दिवसांनी सिल्व्हर होते, सव्वापट भाव. 28 दिवसांनी गोल्ड, दीडपट. 56 दिवसांनी इरिडियम, दुप्पट. नीट पाहिलं तर दर 14 दिवसांना 25 टक्के, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच वेग आहे. मध्येच काढली म्हणून दर बुडत नाही, शेवटपर्यंत ठेवली म्हणून वाढत नाही. फरक फक्त तुमच्या फेऱ्यांचा. म्हणून कास्क भरा आणि दोन ऋतू तिकडे फिरकू नका. भरायची ती मात्र स्टारफ्रूटची वाइन, कारण दुप्पट व्हायचं तर 2250चं झालेलं बरं. आर्टिझनला तिची बाटली 6300ला जाते. कास्क फक्त तळघरातच चालतो.

प्रश्न: फॉलमधल्या जत्रेत चक्रावर टोकन हरतो. हिरवा की केशरी?
— रिक्षाचालक, विडी घरकुल

उत्तर: दादा, नेहमी हिरवा. चक्र दिसायला अर्धं-अर्धं आहे, पण हिरवा 75 टक्के वेळा येतो. जिंकलं की लावलेल्याच्या दुप्पट परत. तरीही गड्ड्यावरच्या जत्रेत होतं तेच इथे होतं: माणूस सगळे एकदम लावतो आणि एका फेरीत मोकळा होतो. लागोपाठ तीन वेळा सगळं लावून टिकण्याची शक्यता 42 टक्केच आहे.

दर वेळी हातातल्या टोकनांपैकी निम्मे लावा. ग्रेंज डिस्प्लेमध्ये (आपला माल मांडायच्या स्पर्धेत) पहिला नंबर आला तर 1000 टोकन मिळतात. त्यातले 500 लावून जिंकलात की 1500 झाले. मग 750 लावून जिंकलात की 2250. स्टारड्रॉप हे जादूचं फळ 2000ला आहे, तो घेऊन थांबा. त्याने कायमची 34 एनर्जी वाढते, म्हणजे साध्या झारीने रोज 17 चौकोन जास्त भिजतील. पहिलीच फेरी हरलात तरी 500 उरतील आणि खेळ पुढे चालू राहील. 50 गोल्डला एक या दराने टोकन विकत मिळतं, पण टोकनाचे परत गोल्ड होत नाहीत.

प्रश्न: डुकरं घेतली, ती उकरून काढतात ते ट्रफल (जमिनीखालची महागडी अळंबी) मिळायला लागले. तेल काढू की तसेच विकू?
— वाचक, बार्शी

उत्तर: तुमच्याकडे कुठले व्यवसाय आहेत त्यावर ठरेल. ट्रफलचा भाव 625. फोरेजिंगमध्ये (रानमेवा गोळा करण्यात) बॉटनिस्ट असाल तर प्रत्येक ट्रफल इरिडियम, 1250. तेल 1065 आणि आर्टिझनला 1491. बॉटनिस्ट आहात पण आर्टिझन नाही, तर तेल काढणं म्हणजे ट्रफलमागे 185चं नुकसान. दोन्ही असतील तर तेलच काढा, 241 जास्त. डुक्कर 16,000चं आहे, पाऊस असला की आणि पूर्ण विंटरभर ते बाहेर पडून उकरत नाही. म्हणून फॉलच्या शेवटी डुकरं घेऊ नका. स्प्रिंगच्या सुरुवातीला घेतली तर तीन ऋतू मिळतात.

प्रश्न: आम्ही तिघं एकाच शेतावर कॉम्प्युटरवर खेळतो, पैसा एकत्र आहे. तिघांनीही आर्टिझनच घ्यायचं का?
— आयटीआयचे विद्यार्थी, नई जिंदगी परिसर

उत्तर: मुळीच नको. पैसा एकत्र असेल तर त्या वेळी खेळात हजर असलेल्या कुणाचाही भाववाढीचा व्यवसाय सगळ्यांच्या मालाला लागतो. एकाने आर्टिझन घ्यावं. दुसऱ्याने मासेमारीत अँगलर, म्हणजे माशांना 50 टक्के जास्त. तिसऱ्याने खाणीत जेमॉलॉजिस्ट, म्हणजे रत्नांना 30 टक्के जास्त. 750चा हिरा 975ला जातो. अडचण एवढीच की आर्टिझनवाला त्या दिवशी आला नाही तर वाइन साध्या भावाने जाते. तो नसेल त्या दिवशी वाइन बिनमध्ये टाकू नका. पैसा वेगवेगळा ठेवला असेल तर हे काहीच लागू होत नाही.

प्रश्न: क्रिस्टलेरियममध्ये (रत्नाच्या प्रती बनवणाऱ्या यंत्रात) हिरा ठेवू की जेड?
— वाचक, पंढरपूर

उत्तर: पैशासाठी हिरा. 5 दिवसांत 750, म्हणजे दिवसाला 150. जेड दीड दिवसात होतो आणि 200ला जातो, कागदावर 133. पण दीड दिवस म्हणजे भरदुपारी, आणि त्या वेळी तुम्ही खाणीत असता. प्रत्यक्षात दोन दिवस धरा, मग 100च उरतात. जेडचा खरा उपयोग रविवारी. वाळवंटातला व्यापारी त्या दिवशी एका जेडला एक जिना देतो, एरवी जिना बनवायला 99 दगड लागतात. 40-50 जिने घेऊन स्कल कॅव्हर्न या वाळवंटातल्या खाणीत झपाट्याने खाली उतरता येतं आणि इरिडियमचं खनिज तिथे खोलवरच जास्त मिळतं. चार-पाच यंत्रं जेडला लावा, बाकी हिऱ्याला.

प्रश्न: ‘फार्मिंग सिम्युलेटर’मध्येही हेच नियम चालतात का? मी ऊस लावला आहे.
— ऊस उत्पादकाचा मुलगा, माळशिरस

उत्तर: नाही, तिथे भाव हलतो. एकाच केंद्रावर माल ओतत राहिलात की त्या केंद्राचा भाव उतरतो आणि सावरायला वेळ लागतो. मेनूतल्या भावाच्या पानावर केंद्रानुसार दर आणि वर्षभराचा आलेख दिसतो, तो पाहून साठवा आणि दोन-तीन केंद्रांवर विभागून विका. उसाचं एक चांगलं आहे: कापल्यावर तो पुन्हा फुटतो, लागण पुन्हा करावी लागत नाही. आपल्याकडच्या खोडव्यासारखंच. खर्च आहे तो यंत्रांचा. लागणीचं यंत्र वेगळं, तोडणीचं वेगळं आणि तोडणी यंत्राच्या बरोबरीने ट्रॉली चालवावी लागते. पहिल्या वर्षी ही यंत्रं भाड्याने घ्या, विकत नको.